बूड जड, माथा हलका

जबलपूरहून समुद्र गाठायचा तर पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, सातशेएक किलोमीटर तुडवावे लागतात. पाण्याला मात्र इथे तोटा नाही. ग्वारीघाट, तिलवारा, लम्हेटा, भेडाघाट ही नर्मदेवरची नावं इथल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली जातात. सागरचे मराठे आले, मागून नागपूरकर भोसले आले, १८१७ नंतर इंग्रज आले. दत्तमंदिरात जाणारी आणि संक्रांतीला घाटावर तिळगूळ वाटणारी माणसं राहिली ती राहिलीच. शहरापासून तासाभराच्या वाटेवर बरगीचं धरण आहे. ते १९९० साली पुरं झालं. त्याच्यामागचं राणी अवंतीबाई सागर हे पाणी सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि रुंद जागी साडेचार किलोमीटर पसरलेलं आहे. जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतल्या १६२ गावांची जमीन या पाण्याखाली गेली, काही गावं अर्धी तर काही पुरती. तिथे हौसेने जाणाऱ्याने हा आकडा ठाऊक असू द्यावा.

एवढं मोठं पाणी पाहिलं की शिडाच्या होडीची स्वप्नं पडणारच. मध्य प्रदेशात शिडाचं नाव काढलं की सगळे भोपाळकडे बोट दाखवतात, आणि ते रास्तच आहे. तिथल्या मोठ्या तलावावरच्या सेलिंग शाळेने दोन मुली आशियाई खेळांपर्यंत नेल्या. नर्मदाकाठच्या होशंगाबादची हर्षिता तोमर २०१८ साली जकार्ताहून कांस्य घेऊन आली आणि देवासची नेहा ठाकूर २०२३ साली हांगझोऊहून रौप्य. दोघींच्या होड्या लेझर जातीच्या, एकट्याने चालवायच्या. होडीच्या सांगाड्याचं वजन जेमतेम ५९ किलो. तिच्या तळाशी शिसं नाही, लोखंड नाही, दगडही नाही. वाऱ्याने होडी एका अंगावर कलली की चालवणारी मुलगी दुसऱ्या अंगाला काठाबाहेर पाठीवर आडवी होते. तिचं शरीर हाच त्या होडीचा भार.

सोळा वर्षांच्या मुलीला हे शोभतं. पण समजा जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एखाद्या गृहस्थाने मुंबई-पुण्याकडून फायबरची सोळा फुटी जुनी होडी आणली. गाडीमागे ट्रेलर जोडायचा, रविवारी सकाळी बरगीला जायचं, संध्याकाळी परत यायचं, असा बेत. होडीत बायको, दोन मुलं आणि डब्यात पोहे. पहिल्याच झुळकेला होडी कलते, पाण्याचा एक ओघळ आत येतो, आणि घरी परतताना गाडीतला निकाल एकमताचा असतो: हिच्या तळाशी काहीतरी वजन टाका. बरगीपासून खडकवासल्यापर्यंत, आपल्या देशातल्या कुठल्याही धरणावर छोटी शिडाची होडी घेऊन जाणाऱ्याला हा विचार कधी ना कधी गाठतोच.

विचार जुना आहे. कोकणातली गलबतं माल उतरवून रिकामी परतताना पोटात दगड नाहीतर वाळू भरून घेत. जुन्या मराठी कोशांत या भाराला नीरम म्हटलेलं आहे. आता बंदरावरही बॅलास्ट हाच शब्द चालतो (रेल्वेच्या जबलपुरात मात्र बॅलास्ट म्हटलं की रुळांखालची खडीच आठवते). रिकामं जहाज समुद्रात लोळतं म्हणून काहीतरी भरायचंच, तर ते विकता येण्याजोगं का असू नये, असा विचार व्यापाऱ्यांनी फार लवकर केला. इंग्लंडचं मीठ कलकत्त्याला असंच येई. १८३० च्या दशकात बोस्टनहून मुंबईला आणि कलकत्त्याला तळ्यांतला बर्फ आला त्यामागेही हेच गणित होतं. पूर्वेकडे येणाऱ्या अमेरिकी जहाजांना तिकडून भरायला पुरेसा माल नसे. दगड भरण्यापेक्षा स्वस्त भाड्यात बर्फ परवडला, आणि मुंबईच्या धनिकांच्या मेजवान्यांत आइस्क्रीम आलं.

पण माल वाहून नेण्यासाठीच बांधलेलं गलबत आणि चार माणसांची होडी यांत फरक आहे. गलबत भाराची अपेक्षा धरूनच बांधलेलं असतं. सोळा फुटी होडीत आपण जे टाकतो ते तिच्या रचनाकाराने कधी मोजलेलंच नसतं.

आता थोडा हिशेब करू. होडी पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद. दोन्ही टोकांना ती निमुळती, म्हणून पाण्याच्या रेषेवरचा तिचा आकार पाच चौरस मीटर धरू. एवढ्या जागेवरचा एक सेंटीमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे पन्नास लिटर, म्हणजेच पन्नास किलो. त्यामुळे दर पन्नास किलोमागे ही होडी एक सेंटीमीटर खाली बसणार. दीडशे किलो टाकले की काठ पाण्याच्या तीन सेंटीमीटर जवळ आला. कलल्यावर पाणी आत यायला आधी जेवढा कल लागत होता, त्यापेक्षा आता कमी लागेल. म्हणजे स्थैर्यासाठी टाकलेल्या भाराने एक सवलत काढूनही घेतली.

मोबदल्यात काय मिळालं? होडीच्या गुरुत्वमध्याच्या पाव मीटर खाली शंभर किलो ठेवलेत, आणि होडी पंधरा अंश कललेली आहे. सावरणारा जोर म्हणजे वजन गुणिले आडवं अंतर, तो येतो साडेसहाच्या आसपास. त्याच वेळी सत्तर किलोचा एक माणूस मध्यापासून मीटरभर सरकून वरच्या काठाला बसला, तर त्याचा जोर अडुसष्ट. दहापट! रोजच्या चालण्यात, म्हणजे दहा-पंधरा अंशांच्या कलात, शंभर किलो दगड जे करत नाहीत ते एक शहाणा मेहुणा करतो, आणि तो स्वतःच्या पायांनी होडीतून उतरतोही.

पण होडी पुरती आडवी झाली, डोलकाठी पाण्याला टेकली, तर चित्र पालटतं. मेहुणा पाण्यात पडलेला असतो, त्याचा जोर शून्य. तळाचे शंभर किलो मात्र आता पूर्ण पाव मीटर बाजूला आहेत, जोर पंचवीस. भाराचं खरं काम इथे सुरू होतं. म्हणून ‘होडी फार कलते, वजन टाकू’ हे निदानच चुकीचं आहे. रोजच्या कलण्यावर उपाय म्हणजे बसायची जागा बदलणं आणि शीड आखूड करणं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. अशा वेळी शिडाचा तिसरा हिस्सा गुंडाळून बांधला की दाब कमी होतो आणि तो खालीही उतरतो. याला पैसा लागत नाही, ट्रेलर जड होत नाही. तरीही आपल्याकडचे हौशी लोक शीड आखूड करायला का लाजतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

भार टाकायचा तो उलटू नये म्हणून नव्हे, आडवी झालेली होडी परत उभी राहावी म्हणून. हे एकदा मनाशी पक्कं केलं की वजन किती यापेक्षा कुठे, हा प्रश्न मोठा होतो. तळाच्या फळ्यांखाली शंभर किलो ठेवून पंचवीस मिळाले. त्याऐवजी होडीच्या पोटातून खाली सोडायची लाकडी फळी, जिला सगळेच सेंटरबोर्ड म्हणतात, ती पोलादी केली आणि तिचं तीस किलो वजन सरासरी सत्तर सेंटीमीटर खाली गेलं, तर आडव्या होडीत जोर एकवीस. शंभराचं काम जवळजवळ तिसांत झालं. अट एकच. फळी खाली सोडलेल्या जागी खिळीने अडकवलेली हवी, नाहीतर होडी पालथी होताच ती आपल्या खाचेत परत घसरणार आणि नेमक्या वेळी दगा देणार.

याहून स्वस्त उपाय वरच्या टोकाला आहे. सहा मीटरच्या डोलकाठीच्या शेंड्याला दहा लिटरचा हवाबंद तरंगता गोळा बांधा. डोलकाठी पाण्याला टेकली की तो बुडायला नकार देतो. दहा गुणिले सहा, जोर साठ. म्हणजे तळाच्या शंभर किलोंच्या दुपटीहून जास्त, आणि वजन किलोभर. शेंड्याजवळचं प्रत्येक किलो काढून टाकणं हेही तळाशी चोवीस किलो वाढवण्याइतकंच असतं. जड कप्पी, जाड दोर, शोभेचा लोखंडी बाण हे आधी उतरवावं. बूड जड करण्याआधी माथा हलका करावा. दिसायला मात्र डोलकाठीवरचा गोळा बावळट दिसतो, आणि बहुतेक मालक तिथेच अडतात.

कोकणच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी तर वजनाचा मार्गच टाळला. निमुळत्या होडीला बाजूने दोन आडव्या काठ्यांवर ओंडका बांधायचा, त्याला उलांडी म्हणतात. रत्नागिरी-रायगडकडच्या छोट्या होड्या या एका उलांडीवर शीड पेलत आल्या. तळाचं वजन नाही, नुसता पसारा. ट्रेलरवर तो मावायचा नाही हे खरं, पण स्थैर्य वजनातून येतं तसं रुंदीतूनही येतं हे त्या सुतारांना पक्कं ठाऊक होतं. फ्रेंच गणिती पिएर बुगेर याने १७४६ साली त्याचं सूत्र छापलं.

सूत्र हाती नव्हतं तेव्हा काय होई, त्याचा दाखला स्टॉकहोमला आहे. स्वीडनच्या राजाची युद्धनौका ‘वासा’ १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्या सफरीला निघाली आणि जेमतेम तेराशे मीटर गेल्यावर एका झुळकेने कलून बुडाली. नौका डळमळते हे आधीच कळलं होतं. तीस खलाशांना डेकवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावायला लावलं, तिसऱ्या फेरीला ती इतकी कलू लागली की धावणं थांबवावं लागलं. तळाशी सव्वाशे टनांच्या आसपास दगड होते. आणखी का टाकले नाहीत? टाकले असते तर तोफांच्या खिडक्या पाण्याच्या आणखी जवळ आल्या असत्या, आणि अखेर पाणी शिरलं ते त्या खिडक्यांतूनच. वर तोफांचे दोन मजले चढवून झालेले होते. १९६१ मध्ये वर काढलेली ती नौका आज संग्रहालयात आहे. सोळा फुटी होडीच्या मालकाला त्या खलाशांची परीक्षा मात्र घरच्या घरी करता येते. गुडघाभर पाण्यात होडी धरायची, दोघांनी एका काठाला बसायचं आणि काठ पाण्यापासून किती उरतो ते पट्टीने मोजायचं. भार टाकण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा.

आता वस्तू. शंभर किलो शिसं नऊ लिटर जागेत मावतं, लोखंडाला तेरा लागतात, भेडाघाटच्या संगमरवरासारख्या दगडाला छत्तीस, पाण्याला अर्थातच शंभर. होडीच्या तळाशी जागा चिंचोळी आणि उथळ असते. दगड रचत गेलं की ढिगाचा मध्य वर चढतो आणि पाव मीटरचे दहा सेंटीमीटर होतात, म्हणजे वजन तेवढंच वाहून गुण निम्म्याहून कमी. शिवाय भेडाघाट-लम्हेटाघाट २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, तिथला दगड तिथेच शोभतो. नर्मदेचा गोटा देव्हाऱ्यात ठीक, होडीत तो गोल असल्यामुळेच घातक. होडी कलली की तो खालच्या बाजूला घरंगळतो आणि सावरण्याऐवजी ढकलतो. भार कुठलाही असो, होडी पालथी करून हलवली तरी तो जागचा हलता कामा नये. लोखंडाची जबलपुरात ददात नाही. १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे, मागून व्हेइकल फॅक्टरी आणि ग्रे आयर्न फाउंड्री आल्या, भंगारबाजारात पट्ट्या वजनावर मिळतात. त्या गंजतात, म्हणून रंग आणि रेझिनचा लेप हवा. शिसं सगळ्यांत आटोपशीर, पण जुन्या बॅटऱ्या फोडून अंगणात शिसं वितळवणं हा मुलाबाळांच्या घरात करायचा उद्योग नव्हे.

आणि प्रत्येक किलोला एक जामीन लागतो. होडीत पाणी भरलं तर ती तरंगत राहिली पाहिजे. शंभर किलो शिशाला त्यासाठी सुमारे एक्क्याण्णव लिटर थर्माकोल किंवा हवाबंद डबे लागतात, लोखंडाला सत्त्याऐंशी. भार टाकला आणि ही जागा ठेवली नाही, तर पूर्वी पाणी भरूनही तरंगणारी होडी आता सरळ तळ गाठेल. उघड्या होडीत लोखंडाचा भार टाकणाऱ्यांच्या हिशेबातून हीच ओळ बहुधा सुटते.

एका वस्तूला मात्र असा जामीन लागत नाही, ती म्हणजे पाणी. अमेरिकेत ट्रेलरवरून नेण्याच्या काही शिडाच्या होड्यांनी भार म्हणून तळाच्या टाकीत तळ्याचंच पाणी घेतलं. पाण्यात उतरल्यावर झडप उघडायची, टाकी भरली की बंद करायची. परतताना उतारावर ओढली की पाणी वाहून जातं आणि गाडीमागे रिकामी होडी येते. बरगीसाठी ही कल्पना मोहक आहे. तिथे खरा छळ रस्त्याचा नाही, काठाचा. पाऊसकाळानंतर धरण तुडुंब असतं तेव्हा पाणी रस्त्याशी येतं, पण उन्हाळ्याकडे ते उतरत जातं आणि मागे चिखलाचा लांब उतार राहतो. ट्रेलरची चाकं रुततात तिथे दीडशे किलोंचा फरक म्हणजे दोन माणसांनी ढकलणं आणि ट्रॅक्टर बोलावणं यांतला फरक. त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर विस्थापित गावकऱ्यांची गाळपेर असते. होडी ओढत त्यातून जाण्याचा हक्क कुणालाच नाही.

पाण्याच्या टाकीची अट कडक आहे: पूर्ण भरलेली नाहीतर पूर्ण रिकामी. अर्धी भरली तर कललेल्या बाजूला पाणी धावतं आणि गोट्यांचंच काम करतं. ४ जुलै २००२ रोजी चॅम्प्लेन सरोवरावर अशाच पाण्याचा भार घेणाऱ्या एका होडीत प्रमाणाबाहेर माणसं बसली होती, टाकी नीट भरलेली नव्हती. होडी उलटली आणि केबिनमधली दोन मुलं गेली. पाणी हलकं असल्यामुळे टाकी मोठी लागते, म्हणून जुन्या होडीत ती मागाहून बसवणं म्हणजे अर्धी होडी नव्याने बांधणं. शंभर लिटरची पिशवी तळाशी बांधून काम भागतं असं मानणाऱ्यांनी तिचं तोंड आणि पट्टे आधी तपासावेत.

खोल भाराची दुनिया वेगळीच, आणि तिचा एक मोठा अध्याय मराठी माणसांच्या हातचा आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत. तिथून समुद्र दूर. पण भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांनी लावून धरली. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ‘म्हादेई’ बांधली गेली, आणि कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये मुंबईला परतले. अशा नौकांचा भार पाण्याखाली खोल, कण्याला बोल्टांनी जखडलेला असतो. त्याचा अर्थ काय ते त्याच यार्डात बांधलेल्या ‘थुरिया’ने दाखवलं. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात ती पूर्ण फिरली, डोलकाठी मोडली, ती एकट्याने चालवणाऱ्या अभिलाष टॉमी यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण नौका पुन्हा सरळ उभी राहिली, आणि बचाव येईपर्यंत ते तिच्यातच होते. ‘थुरिया’ ज्या ‘सुहेली’ची प्रतिकृती, ती इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी साठच्या दशकात मुंबईत सागवानातून बांधून घेतली होती. १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली. दक्षिण समुद्रात तीही आडवी झाली होती, आणि उठली होती.

त्या नौकांची डेक बंदिस्त असते. उलटल्या तरी पाणी पोटात भरत नाही, म्हणून तळाच्या वजनाला काम करायला वेळ मिळतो. आपली सोळा फुटी होडी वरून उघडी. ‘सुहेली’चं वजन तिच्यात उतरवायला जाणं म्हणजे उघड्या परातीला नांगर बांधणं.

याच नर्मदेवर, खाली नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या भूषा इथे, जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या स्नानाला निघालेली बोट उलटली आणि माणसं बुडाली, त्यांत मुलं होती. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक होते. माणसं जड असतात म्हणून ती होडीला स्थिर करतात असं अनेकांना वाटतं. बसलेला माणूस करतो. उभा राहिलेला माणूस म्हणजे होडीच्या डोक्यावर ठेवलेलं वजन, आणि धावत एका बाजूला गेलेले दहा जण म्हणजे सुटलेले गोटे. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून फिरवणारे नावाडी यमकांतून गमतीजमती सांगत असतात, पण कुणी फोटोसाठी उठलं की यमक तिथेच तोडून आधी त्याला खाली बसवतात.

मग राइट टाउनच्या त्या गृहस्थाने करायचं काय? माझं मत विचाराल तर पहिल्या हंगामात काहीच टाकू नये. शिडाला आखूड करायच्या दोऱ्या लावून घ्याव्यात, डोलकाठीच्या शेंड्याला तो बावळट गोळा बांधावा, पुढच्या आणि मागच्या कप्प्यांत थर्माकोल कोंबावा, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट. हिवाळ्यात बरगीवर वारा बहुधा मंद, तेव्हा जड होडी नुसती तरंगत बसते आणि घरी यायला उशीर होतो. मे-जूनच्या दुपारी वळवाआधीचा वारा एकाएकी उठतो, तेव्हा कितीही वजन असलं तरी होडी पाण्यावर असू नये. दुसऱ्या हंगामातही उलटण्याचीच धास्ती उरली, तर सेंटरबोर्ड पोलादी करावा, तीस-पस्तीस किलोंवर थांबावं, आणि तो वर ओढायला कप्पी लावावी. बायको एकटी तो उचलू शकते का हे खरेदीआधी पाहावं, कारण काठाजवळ उथळ पाण्यात ते काम तिच्याकडेच येणार.

बदल झाल्यावर परीक्षा नोव्हेंबरातल्या एखाद्या निवांत सकाळी, काठाजवळच, छातीभर पाण्यात, मुलांना किनाऱ्यावर बसवून. होडी हाताने आडवी करायची. डोलकाठी पाण्यावर ठरते की खाली जाते, फळी खिळीवर राहते की सरकते, होडीत किती पाणी शिरतं, आणि एकट्या माणसाला फळीवर उभं राहून तिला उठवता येतं का, हे बघायचं. एकट्याने उठली नाही तर आणखी वजन नाही, मोठा गोळा लावायचा. आणि परतताना तो गोळा काढून गाडीत टाकायला विसरू नये, ट्रेलरवर आडव्या ठेवलेल्या डोलकाठीचं टोक मागे बरंच बाहेर येतं, आणि त्याला खरं तर लाल फडकं बांधायचं असतं.